एका अक्षराची गवाही

दयेपोटी लिहिलेले खोटे हे खोटेच असते का? प्रश्न फार जुना आहे. शेख सादींच्या 'गुलिस्तान'मधली पहिलीच हिकायत या प्रश्नावर उभी आहे. बादशहाने एका कैद्याला ठार मारण्याचा हुकूम दिला. जिवाची आशा सुटलेला कैदी आपल्या भाषेत बादशहाला शिव्या देऊ लागला. हा काय म्हणतो, असे बादशहाने विचारले तेव्हा एका नेक वजिराने त्या शिव्यांचा भलताच गोड अर्थ सांगितला आणि कैद्याला माफी मिळाली. दुसरा वजीर पुढे होऊन म्हणाला, हे खोटे आहे, तो तर तुम्हाला शिव्या देत होता. बादशहाला पहिल्याचे खोटे दुसऱ्याच्या खऱ्यापेक्षा अधिक भावले.

आमच्यासारख्या उर्दू शाळेतल्या शिक्षकांची ही हिकायत सांगताना थोडी पंचाईत होते. परिपाठाला सचोटीवर बोलायचे आणि तिसऱ्या तासाला सादींसारखा बुजुर्ग एका खोट्याची तरफदारी करताना दाखवायचा! हुशार मुले नेमका तोच धागा पकडतात. "सर, मग वही घरी राहिली असं म्हणणं ही पण मस्लहतच ना?" आम्ही उत्तर देतो की जीव वाचवणे वेगळे आणि कातडी वाचवणे वेगळे. वर्ग हसतो, घंटा होते आणि प्रश्न तिथेच राहतो.

तोच प्रश्न अलीकडे आमच्यापुढे अशा जागेवरून आला, जिथे तो येईल असे कधी वाटले नव्हते. रुग्णालयाच्या विमा-फॉर्मवर बोटभर रुंदीची एक चौकट असते. तिच्यात रोगाचे नाव लिहीत नाहीत, त्याचा नंबर लिहितात. आमचा एक माजी विद्यार्थी एका खाजगी रुग्णालयात विम्याच्या टेबलावर बसतो. त्याच्याकडे एका नवजात बाळाची फाईल आली. बाळाच्या बेंबीच्या जागी, नाळेच्या मुळाशी, लिंबाएवढा पातळ पापुद्र्याचा फुगा होता आणि त्यात आतड्याचे वेटोळे दिसत होते. डॉक्टरांनी निदान लिहिले, 'एक्झोम्फॅलॉस'. त्याचा नंबर क्यू ७९.२. बाळाचा बाप पॉवरलूमवर कामाला. मालकाच्या कृपेने त्याची पॉलिसी निघालेली होती, पण त्या पॉलिसीत जन्मजात बाह्य विकृतीचा खर्च मिळत नव्हता. बेंबीच्या साध्या हर्नियाचा मात्र मिळत होता. त्याचा नंबर के ४२. बाप टेबलापाशी येऊन हात जोडून म्हणाला, "भाई, एक हर्फ की तो बात है." क्यूच्या जागी के. त्या मुलाने आम्हाला फोन करून विचारले, सर, काय करायचे?

वाचकहो, हा प्रश्न त्या मुलाचा एकट्याचा नाही. भिवंडी, मुंब्रा, मालेगाव, औरंगाबाद, सोलापूर इथली कितीतरी शिकलेली मुले-मुली आज रुग्णालयांच्या दप्तरांत किंवा मेडिकल कोडिंगच्या कंपन्यांत हेच काम करतात. परदेशातल्या अनोळखी रुग्णांच्या फाईली वाचून ती दिवसभर त्यांवर अक्षरे आणि आकडे चढवतात. हे काम कारकुनी समजले जाते. आमच्या मते ते गवाहीचे काम आहे. म्हणून आधी ही गवाही नेमकी कशाची, ते पाहू.

गर्भाच्या साधारण सहाव्या आठवड्यात आतडी इतक्या झपाट्याने वाढतात की इवल्याशा पोटात मावत नाहीत. ती नाळेच्या मुळाशी बाहेर येतात, तिथेच वाढतात, वळतात आणि दहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पोटात परततात. म्हणजे आपण सगळेच, हा लेख लिहिणारे आणि वाचणारे, काही आठवडे पोटाबाहेर आतडी घेऊन जगलेलो आहोत. बहुतेकांची आतडी घरी परतली. काहींची परतली नाहीत; ती पापुद्र्याच्या पिशवीत बाहेरच राहिली, तो एक्झोम्फॅलॉस. दुसऱ्या एका प्रकारात बेंबी जागेवर ठीक असते, पण बहुधा तिच्या उजव्या बाजूला पोटाची भिंत फाटलेली असते आणि आतडी कुठल्याही आवरणाशिवाय उघडी बाहेर येतात. याला गॅस्ट्रोस्किसिस म्हणतात, नंबर क्यू ७९.३. के ४२ मधला बेंबीचा हर्निया या दोन्हींहून वेगळा. त्याच्यावर धड कातडी असते आणि पुष्कळ मुलांत तो वय वाढता वाढता आपोआप मिटतो.

हे नंबर ज्या यादीतले, तिला रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, थोडक्यात आयसीडी, म्हणतात. फ्रान्सच्या झाक बर्तियों यांनी १८९३ साली मांडलेल्या यादीपासून ही परंपरा धरली जाते. ती यादी फक्त मृत्यूच्या कारणांची होती. हिशेबाची सुरुवात मेलेल्यांपासून झाली म्हणायची! १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या हाती सहावी आवृत्ती आली, तेव्हा जिवंत माणसांच्या आजारांनाही तीत जागा मिळाली. दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे, तरी आपल्याकडच्या विम्याच्या फॉर्मवर अजून दहावीचेच नंबर दिसतात. या दहाव्या आवृत्तीत क्यू हे अक्षर जन्मजात व्यंगांचे. गंमत अशी की बाहेर आलेली असतात आतडी, पण क्यू ७९ हा गट पचनसंस्थेच्या घरात नाही, तो स्नायू आणि हाडांच्या घरात आहे. यादी करणाऱ्यांच्या मते दोष सामानात नाही, भिंतीत आहे.

आता त्या बापाची बाजू नीट ऐकू या. ती ऐकल्याशिवाय सचोटीवर बोलणे फार स्वस्त असते.

विमा नियामक प्राधिकरणाने २०१३ साली जन्मजात विकृतींच्या दोन व्याख्या ठरवून दिल्या. शरीराच्या दिसणाऱ्या आणि हाताला लागणाऱ्या भागात असेल ती बाह्य, तशी नसेल ती आंतर. अनेक पॉलिसींत आंतर विकृतीचा खर्च काही अटींवर मिळतो, बाह्य विकृतीचा मिळत नाही. हृदयाला भोक असेल तर ते दिसत नाही, म्हणून त्याला दार थोडे उघडे. पोटाला भोक असेल तर ते दिसते, म्हणून दार बंद. दोन्ही बाळांनी आईच्या पोटात काय वेगळा गुन्हा केला? बाह्य व्यंगावरचा उपचार म्हणजे नटणे-सजणे, अशी काहीतरी समजूत या वाटणीमागे असावी. पण उघड्या आतड्यांवर झाकण घालणे हे नटणे नव्हे. ते केले नाही तर बाळ मरते. आमच्या दृष्टीने ही व्याख्या वैद्यकाची नाही. ती दुकानदारीची आहे. आणि जिथे नियमच वाकडा आहे तिथे सरळ अक्षर लिहिण्याचा हट्ट गरिबाच्याच गळ्याशी का, असे कोणी विचारले तर त्याला उर्मट म्हणता येणार नाही.

शिवाय आपण काही फार मोठे सत्यवादी नाही. आपल्या वडिलांच्या पिढीत निम्मा गाव १ जूनला जन्मलेला आहे. गुरुजींनी शाळेत नाव घालताना मुलाचे वय अंदाजाने धरले, वर्ष सोयीने मांडले आणि तारीख टाकली १ जून. त्यात लबाडी नव्हती, मायाच होती. मूल शाळेत बसले पाहिजे, एवढाच हेतू. त्या खोट्या तारखांवर माणसे शिकली, नोकरीला लागली, निवृत्तही झाली. कोणाचे काय बिघडले? मग क्यूचा के झाल्याने काय बिघडेल?

आम्ही या 'काय बिघडेल' वर बरेच दिवस विचार केला, आणि त्याचे उत्तर आम्हाला नीतीच्या पुस्तकात मिळाले नाही. ते या नंबरांच्याच इतिहासात मिळाले.

एक्झोम्फॅलॉस आणि गॅस्ट्रोस्किसिस या दोन नावांचा वापर एके काळी अगदी ढिलाईने होत असे. बेंबी शाबूत, पिशवी नाही, आतडी उघडी, अशाच अवस्थेला गॅस्ट्रोस्किसिस म्हणावे, हा फरक १९५३ साली मूर आणि स्टोक्स या अमेरिकन डॉक्टरांनी दोन बाळांच्या हकिकतीवरून स्पष्टपणे मांडला. अशा कामाचे मोल आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी अबू बक्र राझी यांनी देवी आणि गोवर यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि दोन्हींची लक्षणे वेगळी करून दाखवली. हकीम म्हणून त्यांचे नाव आजवर त्यासाठी घेतले जाते. दोन दुःखांना एकाच नावाने हाक मारली तर दोन्हींचा इलाज चुकतो.

या दोन अवस्थांत फरकही लहानसहान नाही. गॅस्ट्रोस्किसिसचे बाळ बहुधा बाकी सगळे ठीक घेऊन येते. आतड्यांचे निभावले की ते पुढे चांगले जगते. एक्झोम्फॅलॉसच्या बाळात मात्र पुष्कळदा हृदयाचे दोष किंवा गुणसूत्रांचे दोष सोबत असतात. गॅस्ट्रोस्किसिस वीस वर्षांखालच्या आयांच्या बाळांत जास्त आढळतो. एक्झोम्फॅलॉसचे प्रमाण थोराड वयाच्या आयांत वाढते. दोन वेगळ्या कहाण्या.

आणि तरीही अमेरिकेतल्या रुग्णालयांत चालणाऱ्या नवव्या आवृत्तीत या दोन्हींना मिळून एकच नंबर होता, ७५६.७९, 'पोटाच्या भिंतीची इतर जन्मजात व्यंगे'. मूर आणि स्टोक्स यांनी फरक मांडून पन्नासहून जास्त वर्षे झाली होती, डॉक्टर तो जाणत होते, फाईलीत शब्दांनी लिहीतही होते. पण फाईल दप्तरात गेली की दोन्ही बाळे एकाच पेटीत पडत. १ ऑक्टोबर २००९ पासून त्यांना वेगळे नंबर मिळाले. व्यंगांच्या खास नोंदवह्या ठेवणाऱ्यांनी आपली वेगळी यादी वापरून आधीपासून फरक पाळला होता, म्हणून सगळेच हातचे गेले नाही. पण रुग्णालयांच्या लाखो फाईलींवरून अभ्यास करणाऱ्यांना ही पेटी फोडायला युक्ती लढवावी लागे. गॅस्ट्रोस्किसिसच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र नंबर होता. ज्या फाईलीवर तो शस्त्रक्रियेचा नंबर असेल ते बाळ गॅस्ट्रोस्किसिसचे, असे धरायचे.

युक्ती चांगली आहे. पण शिक्षकाच्या नजरेला तिच्यातला एक गैरहजर विद्यार्थी लगेच दिसतो. शस्त्रक्रियेपर्यंत जे बाळ पोचलेच नाही, वाटेत गेले, टेबलावर घेण्याआधी गेले, त्याच्या फाईलीवर शस्त्रक्रियेचा नंबर येणार कुठून? त्या हजेरीपटात ते कधी दाखलच झाले नाही. हिशेब झाला तो वाचलेल्यांचा आणि निदान सुरीपर्यंत पोचलेल्यांचा. ज्याची गवाही सर्वांत महत्त्वाची, तोच गैरहजर. यात कोणीही खोटे बोलले नव्हते. फक्त एक नंबर कमी होता.

जिथे मोजणी नीट झाली तिथे काय दिसले, तेही सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या १४ राज्यांच्या नोंदींवरून १९९५ ते २००५ आणि २००६ ते २०१२ या दोन काळांची तुलना केली, तेव्हा गॅस्ट्रोस्किसिसचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेले आढळले. ही वाढ एकेका डॉक्टरला कधीच दिसली नसती. त्याच्या आयुष्यात अशी मोजकीच बाळे येतात. ती दिसली कारण शेकडो अनोळखी कारकुनांनी शेकडो फाईलींवर खरा नंबर लिहिला होता. आपल्या महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली होती. कोवळ्या वयाच्या आईचा आणि या व्यंगाचा संबंध जर आपल्या गावांत मोजायचा असेल तर आधी बाळांवर खरे नंबर पडायला हवेत.

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते टाळण्यासारखे नाही. माणसाला नंबर देणे म्हणजे त्याची माणुसकी काढून घेणे, असे आपण भाषणात नेहमी म्हणतो. आम्हीही म्हटले आहे. पण या यादीतली नावे पाहिल्यावर नंबर दयाळू वाटू लागतात. क्यू ७९.४ चे नाव 'प्रून बेली'. वाळलेल्या आलुबुखाऱ्यासारखे सुरकुतलेले पोट, अशी उपमा विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम ऑस्लर या मोठ्या डॉक्टरने दिली आणि ती तशीच चिकटली. क्यू ८९ खाली तर दहाव्या आवृत्तीत 'मॉन्स्टर' हा शब्दही छापला गेला. आपल्या भाषांचे तरी काय? मराठीत विकृती म्हटले की वर्तमानपत्रातला गुन्हेगार डोळ्यांपुढे येतो. उर्दूत ऐब म्हटले की चारित्र्य आठवते. आणि मोहल्ल्यात तर नाव लागण्याआधी आरोप लागतो. ग्रहणात सुरी हातात घेतली होती का? कोणाची नजर लागली? माहेरात असे कोणाला होते का? क्यू ७९.३ आईला यातले काहीही विचारत नाही. आमच्या ऐकण्यातल्या एका बाईला सासरच्यांच्या टोमण्यांपेक्षा डिस्चार्ज कार्डावरचा तो रुक्ष आकडाच आधाराचा वाटला होता, कारण ज्याला नंबर आहे ते आणखी कुणाला तरी झालेले असणार. रुग्णालयात अशा बाळाला नाव नसते. पाळण्यावर 'बेबी ऑफ' अमुक तमुक, एवढीच चिठ्ठी. अकीकाला सात दिवस असतात आणि ऑपरेशनला काही तास. नावाच्या आधी नंबर मिळतो आणि काही बाळांच्या बाबतीत जगाने त्यांची घेतलेली दखल तेवढीच असते.

तीही सगळ्यांना मिळत नाही. २०२० साली आपल्या देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण डॉक्टरी दाखल्यावर लिहिले गेले. बाकीचे गेले, एवढीच नोंद. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. चांगला कार्यक्रम आहे. आमच्या शाळेतही त्याचे पथक येते, मुलांचे डोळे, दात, कान पाहून जाते. त्याच्या मूळ यादीत जन्मतः असणाऱ्या दोषांच्या नऊ ओळी आहेत. फाटलेला ओठ आहे, वाकडा पाय आहे, हृदय आहे, मोतीबिंदू आहे, बहिरेपणा आहे. पोटाच्या भिंतीची ओळ नाही. यादी करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पण यादीत ओळ मिळवायची तर आकडा दाखवावा लागतो आणि आकडा दाखवायचा तर आधी कोणीतरी चौकटीत खरे अक्षर लिहिलेले असावे लागते.

आकड्यांनी काय होते, याचा एक दाखला देऊन हा मुद्दा सोडतो. ७४ देशांतल्या २६४ रुग्णालयांनी मिळून पचनमार्गाशी संबंधित सात जन्मजात दोषांच्या बाळांचा हिशेब ठेवला आणि तो २०२१ साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. श्रीमंत देशांत गॅस्ट्रोस्किसिसची १३९ बाळे, त्यांपैकी दोन दगावली. मध्यम उत्पन्नाच्या देशांत, ज्यांत आपणही मोडतो, ३०४ पैकी ९७. गरीब देशांत दहा बाळे आणि त्यांतली नऊ. आजार तोच, क्यू ७९.३. इलाजही गुपित राहिलेला नाही. उघड्या आतड्यांवर पिशवी बांधून ती हळूहळू आत सारण्याचे तंत्र १९६७ पासूनचे आहे, शिरेतून पूर्ण पोषण देण्याची वाट १९६८ ची. आपल्याकडचे सर्जन गरजेला सलाईनच्या निर्जंतुक पिशवीवर भागवतात. १.४ टक्के आणि ९० टक्के यांच्या मधली दरी निसर्गाने पाडलेली नाही.

आता त्या वजिराकडे परत जाऊ. त्याचे खोटे आणि हे खोटे यांत आम्हाला फरक दिसतो. वजीर बोलला ते हवेत विरले. ऐकणारा एक, वाचणारा जीव एक, आणि हुकूम फिरला की त्या शब्दांचे काम संपले. लिहिलेले अक्षर संपत नाही. ते कोण वाचणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. पहिला वाचणारा विमा कंपनीचा माणूस, त्याला फसवले तर आमच्या डोळ्यांत पाणी येणार नाही. (कंपनीने डॉक्टरांची चिठ्ठी आणि फॉर्म ताडून पाहिले तर पॉलिसीच रद्द होते, हा व्यवहाराचा धोका वेगळा.) पण दुसरा वाचणारा म्हणजे पुढचा डॉक्टर. एक्झोम्फॅलॉस जितका लहान तितकी गुणसूत्रांच्या दोषाची शंका अधिक घ्यावी लागते. अशा काही बाळांत बेकविथ-वीडमन नावाचा विकार असतो, त्यात जन्मताच रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते आणि बालपणी मूत्रपिंडाच्या गाठीवर लक्ष ठेवावे लागते. क्यू ७९.२ वाचणारा डॉक्टर हृदयाची सोनोग्राफी करवून घेईल, साखर पाहील. के ४२ वाचणारा म्हणेल, बेंबीचा हर्निया होता, मिटला, चला. म्हणजे ज्या बाळावर दया करायची, त्याच्याच विरुद्ध ते अक्षर गवाही देणार. १ जूनची तारीख आणि हे अक्षर यांत हाच भेद आहे. १ जूनवर कोणाच्या हृदयाची तपासणी अडून राहिली नव्हती.

तिसरा वाचणारा अजून जन्मला नाही. ज्याच्यासाठी यादीत दहावी ओळ यायची आहे, तो.

म्हणून आम्ही त्या मुलाला सांगितले, क्यूच लिही. पण एवढे सांगून फोन ठेवणे म्हणजे दुसऱ्या वजिराची भूमिका करणे झाले, ज्याचे बोलणे खरे होते आणि नीयत कोरडी. कोर्टात साक्षीदाराला बोलावले तर सरकार त्याला भत्ता देते. रोजी बुडवून तो खरे बोलायला येतो, खऱ्याची गरज समाजाला असते, मग खर्च समाजाने उचलावा, हा त्यामागचा न्याय. इथे आपण एका यंत्रमाग कामगाराकडून खरी गवाही घेतो आणि वर तिची किंमतही त्याच्याच खिशातून काढतो. क्यू लिहिण्याचा आग्रह धरणाऱ्याने त्या क्यूचा भत्ता कुठून निघेल हेही पाहिले पाहिजे. रुग्णालयाच्या धर्मादाय खाटा असतात, सरकारी योजना असतात, जमातीचे फंड असतात. आमच्या जमातींचे फंड डायलिसिसला हात सैल सोडतात, आणि 'बेबी ऑफ' लिहिलेल्या, नाव न ठेवलेल्या जिवाला देताना मात्र विचारतात, वाचेल का? याचे आम्हाला नेहमी नवल वाटते. आणि 'दिसते ते बाह्य' ही जी व्याख्या आहे, तिच्याविरुद्ध लिहिणे, अर्ज करणे, दाद मागणे हे काम टेबलावरच्या पोराने चोरून एक अक्षर बदलण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे, आणि ते त्या पोराचे एकट्याचे नाही.

राहिली एक शंका, जी त्याच मुलाने नंतर काढली आणि जिचे उत्तर इतके सोपे नाही. पिशवी फार मोठी असली तर सर्जन पुष्कळदा लगेच टाके घालत नाहीत. पिशवीवर औषधाचा लेप देत राहतात. आठवड्या-महिन्यांनी तिच्यावर कातडी चढते, मूल घरी जाते, दोन-तीन वर्षांचे होऊन पुन्हा येते. आता बाहेर आतडी नाहीत, पापुद्राही नाही. कातडीखाली स्नायूंत फट आहे आणि पोटाला फुगवटा आहे. या अवस्थेला व्हेंट्रल हर्निया म्हणतात आणि त्याचे घर के ४३. समोर दिसते ते लिहायचे तर के. कुठून आले ते लिहायचे तर क्यू. तो विचारत होता, इथे 'के' लिहिला तर? आमचे मत असे, की समोर जे आहे त्याचे ते खरे नाव आहे, तेव्हा तो 'के' खोटा नाही. मात्र इतिहासाच्या रकान्यात जन्मावेळचा क्यू ७९.२ शाबूत राहिला पाहिजे; दोन्ही अक्षरे एकाच फाईलीत, आपापल्या तारखेसह. विमा कंपनी त्यांतले कोणते वाचेल, हे आम्हाला सांगता येत नाही. पुढचा डॉक्टर दोन्ही वाचेल.